वसतिगृहातली पेटी

धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीची वाट पाहत होतो. पुढे एक बाप आणि त्याची इथल्याच कॉलेजातली मुलगी, पायाशी पेटी आणि वळकटी.

“आबा, पेटी कशाला आणायला लावली?”

“तुन्या वसतिगृहाच्या बाईसनी सांगं, पोर गणितात नापास झायी, जेवत नही. घर लई जा.”

“चार दिवस न्या म्हणाल्या असतील.”

“चार दिन म्हनन्यात. पन पोरले घर लई जा म्हंजे शाळा सुटनी, मी असंच समजनू.”

“बाईंना माझी तब्येत दिसली, म्हणून म्हणाल्या.”

“आनि तुना सर?”

“सर म्हणाले, गणित झेपत नसेल तर भूगोल घे, अजून मुदत आहे.”

“हाफिसातला भाऊसाहेब?”

“ते म्हणाले, विषय बदलला तरी शिष्यवृत्ती चालू राहील.”

“तिन्ही जन तीन वाटा दाखाडतस. कोनं आयकानं?”

“तिघांचंही. ज्याने त्याने आपल्याकडचं सांगितलं.”

“मंग बापनी काय सांगानं?”

“तुम्ही सांगू नका, आबा. विचारा.”

बापाने वळकटीची दोरी आवळली.

“तुले काय करानं शे, माय?”

“गणितच. ऑक्टोबरला परत बसते.”

“आनि जेवशी?”

“जेवेन.”

गाडी लागली. खिडकीतून टाकून दोन जागा धरायला बापाने डोक्यावरची टोपी काढली, खांद्यावरचा रुमालही काढला.

“आबा, जागा एकच धरा.”