मिस कॉल

सात रस्त्याजवळच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे धनलक्ष्मी ओढणीखाली डोळे मिटून बसली होती. डोकं तीन दिवस ठणकत होतं. बँकेत मात्र तिने पोट बिघडल्याचं कळवलं होतं. शेजारी उजनीकाठची बाळाबाई आणि शुक्रवार पेठेतली सोनाली बोलत होत्या. त्यांची ओळख तिथेच, आत्ताच झाली होती.

"मावशी, दुखायला लागलं की तुम्ही काय करता?"

"काय करती? गोठ्यात कडब्याआड निजती. उजेड सोसत न्हाय की."

"मी बाथरूममध्ये बसते. सासूबाई म्हणतात, कामाच्या वेळेलाच बरं दुखतं!"

"आमचं मालक बी त्येच म्हणायचं. ईस वर्सं म्हणलं."

"आणि आता?"

"आता इचारतच न्हाईत."

"मावशी, तुमचा नंबर द्याल?"

"घे की. पर दुखताना बोलायचं न्हाय हां. नुस्ता मिस कॉल दे. मी समजंन, पोरगी अंधारात बसलीया म्हणून."

"तुमचं दुखलं की तुम्हीही द्यायचा."

"व्हय. कुनाला तरी ठावं असलं म्हंजे लई झालं."

धनलक्ष्मीने ओढणी बाजूला केली. बाळाबाईचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"ताई, तुमचं बी डोकंच का?"

"नाही," धनलक्ष्मी चटकन म्हणाली. "वडिलांचे रिपोर्ट न्यायला आलेय."

"बरं हाय बाई," म्हणून बाळाबाई सोनालीकडे वळली आणि सावकाश नंबर सांगू लागली. धनलक्ष्मी एकेक आकडा ऐकत राहिली.