लाल दिवा लागतो तो ब्रश

— नाही, नाही, किमतीचं नंतर बघू ताई, आधी मला आवाज ऐकवा. हा गोल डोक्याचा फिरतो आणि हा लांबट नुसता थरथरतो, ते कळलं मला. दोन्ही चांगलेच असतील, तुम्ही काय वाईट माल ठेवणार आहात थोड्याच — पण गुरगुरतो कोणता कमी? लावा की. हं... नको, नको, बंद करा, हा तर मिक्सर झाला. दुसरा लावा. हा बरा. हा बरा आहे, पण कानाशी धरला की डास आल्यासारखं वाटतं, आणि डासाचा आवाज आला की ती डोक्यावरून पांघरूण — बायको हो, बायकोसाठी हवाय. मला कशाला? माझ्या तोंडात उरलंय काय? वरचीही कवळी, खालचीही कवळी, आणि दोन्ही माझ्याच हातच्या. हसा, हसा! हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, आणि तुम्ही हसताना तोंडावर हात धरलात तो बघितला मी. डावीकडे दातावर दात आहे, म्हणून? वेड्या आहात. चाळीस वर्षं कवळ्या केल्यात मी — डॉक्टर नव्हे हं, डॉक्टर माप घेऊन पाठवायचा आणि मागच्या खोलीत बसून मी एकेक दात मेणात रोवायचो — आणि तुम्हाला धंद्यातली गोष्ट सांगतो, सगळे दात ओळीत लावले की कवळी खोटी दिसते. खरी दिसायला हवी तर एक दात जरासा वाकडा बसवावा लागतो. लोक मुद्दाम बसवून घ्यायचे माझ्याकडून. आणि तुम्हाला फुकट मिळालाय तर तुम्ही झाकताय.

बोटाला? पट्टी होय. काही नाही, डब्याचं झाकण लागलं.

तर बायकोचं सांगत होतो. तिचे मात्र सगळे स्वतःचे. चौऱ्याहत्तरावं चालू आहे आणि तोंडात अठ्ठावीस दात, काय समजलात! लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं मला — "अहो, जगाला दात लावा, पण तुमची कवळी माझ्या तोंडात येता कामा नये." मी म्हटलं, बघू की, म्हातारपणी येशील माझ्याच दारात. "मरेन पण येणार नाही." अशी होती. रोज सकाळी दात घासता घासता माझ्याशी भांडायची, तोंड फेसानं भरलेलं, निम्मं भांडण मला कळायचंच नाही — म्हणून टिकला संसार. आता तीन वर्षं झाली, विसरायला लागलीय. आधी चाव्या, मग घराचा रस्ता, मग मुलीचं नाव. मग एक दिवस हातात ब्रश दिला तर केस विंचरायला लागली त्यानं. तुम्हाला हसू आलं ना? मलाही आलं होतं पहिल्या दिवशी. मग मीच घासून द्यायला लागलो, तर तोंडच उघडेना. दातखीळ बसल्यासारखी बसून राहायची. डॉक्टर म्हणाला — म्हणजे माझ्या डॉक्टरचा मुलगा, आता तोच बघतो — म्हणाला, काका, दोन दाढा किडल्यात, त्या शुक्रवारी काढतो, पण असंच चाललं तर वर्षभरात सगळं तोंड मोकळं करावं लागेल. वर म्हणतो, तुम्ही आहातच की कवळी करायला! विसरणाऱ्या माणसाची कवळी महिनाभर टिकत नाही हो. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतात, उशीच्या अभ्र्यात लपवतात, एकेकाला तीन-तीनदा करून दिल्यात मी. आणि ते सोडा — तिनं सांगितलं होतं ना, नको म्हणून. शहाणी होती तेव्हा सांगितलं होतं. ते कुणीतरी पाळायला नको? म्हणून मुलगी म्हणाली, बाबा, विजेवरचा आणा, नुसता टेकवायचा असतो, दोन मिनिटांत काम होतं. ती बसलीय आता आईजवळ, म्हणून तर मला बाहेर पडता आलं.

हे काय लिहिलंय खोक्यावर? दोन मिनिटांनी आपोआप थांबतो. बरं. आणि हे — दाब? कसला दाब? म्हणजे, दातावर जोर जास्त झाला की लाल दिवा लागतो? काय सांगता! दाखवा बघू. टेबलावरच दाबा. अगं आणखी दाब, फुटणार नाही ते — लागला. लागला खरंच. सोड आता. गेला. ...पुन्हा एकदा दाखव ना.

असं असतं होय. म्हणजे हाताला कळलं नाही तरी याला कळतं. आणि माझ्या हाताला कळायला नको होतं का? मेणाचं काम केलेला हात हा, केसाएवढा फरक कळायचा याला — झाकण नव्हतं ते पोरी. ती चावली. गेल्या सोमवारी. गालांवर दोन्ही बाजूंनी, दाढांच्या मागे बोटं दाबली ना, की तोंड उघडतं, कुणाचंही उघडतं, डॉक्टरला करताना बघितलं होतं मी. तशी दाबली. दाबून धरली. ती डोळ्यांनी नको नको म्हणत होती, आणि मी म्हणत होतो, तुझ्याच भल्याचं आहे, तुझेच दात वाचवतोय. उघडलं तोंड, मी बोट घातलं, आणि कचकन — आणि मी मारलं तिला. थोबाडीत. हळू नाही. पन्नास वर्षांत कधी बोट लावलं नव्हतं गं. आणि तिनं काय केलं असेल? रडली? छे. गालावर हात ठेवून दाराकडे बघून हाक मारली. "अहो! अहो, लवकर या हो, हा माणूस मला मारतोय!"

अहो म्हणजे मी. जन्मात दुसऱ्या कुणाला तिनं अशी हाक मारलेली नाही.

मग काय करणार? हाक मारली तर जायला तर हवं. गेलो खोलीबाहेर. बोटावर पाणी सोडलं, बाहीला रक्त लागलं होतं म्हणून सदरा बदलला, आणि परत आत आलो. म्हटलं, काय गं, काय झालं? तर माझा हात घट्ट धरला तिनं. "कुठे होतात हो? एक माणूस आला होता, मारून गेला मला." म्हटलं, कोण तो, मला दाखव फक्त, दात घशात घालतो त्याचे. आणि हसली. इतकी हसली, सगळे दात दिसले बघ, दाढांपर्यंत. तोंड सताड उघडं होतं तेव्हा. आणि माझ्या हातात ब्रश नव्हता.

मुलीला सांगितलं, दाराची कड लागली गालाला. तिनं माझ्या बोटाकडे बघितलं, आईच्या गालाकडे बघितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं मी, आणि तुला कशाला सांगत बसलोय कोण जाणे, तू ब्रश विकायला उभी आहेस. दुपारचं जेवण संध्याकाळी आठवत नाही तिला, पण तेवढं विसरत नाही. रोज विचारते, "अहो, सापडला का तो?" मी म्हणतो, शोधतोय. "परत आला तर?" म्हणते. मी म्हणतो, मी आहे ना.

— नको, फिरणारा नको, हा लांबटच दे, दिव्याचा. आधी तिच्या हातात देईन. म्हणेन, हे बघ, लाल दिसलं की मला हाक मारायची, मी लगेच थांबवीन. पण थांब, ब्रश तोंडात असताना दिवा दिसेल ना तिला? कुठे आहे तो? दांड्यावर, होय. म्हणजे घासणाऱ्याच्या बाजूला. तिला नाही दिसायचा.

बरोबरच आहे. त्यालाच दिसायला हवा.

पिशवी राहू दे, खिशात मावतो. आणि डोळे पूस आधी, तिकडे गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे, ते बघ. जा म्हटलं ना. आणि तोंडावरचा हात काढ.