हंड्यांना जमावबंदी नाय

हसू नका गो, त्या दिवशी माझं डोकं असलं फिरलं होतं! उंबरमाळीच्या आमच्या पाड्यावर बारा दिवस टँकर नाय, म्हणून आमी चाळीस बाया रिकामे हंडे घेऊन तालुक्याच्या कचेरीवर गेलो. गेटावर हवालदार आडवा आला.

"जमावबंदी हाय. पाच जणी एकत्र दिसल्या तरी गुन्हा."

मी म्हटलं, "काल याच रस्त्यानं पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक गेली. तवा तुमीच शिट्टी मारून वाट करून देत होता ना?"

"त्यांना परवानगी होती. तुमी पण अर्ज करा, आठ दिवसांनी कळवतील."

"आणि आठ दिवस आमी प्यायचं काय? तुमचा अर्ज?"

मग आमी कायदा पाळला. टँकरच्या लाइनीत आमी उन्हात उभ्या रहात नाय, हंडा ठेवतो. जिचा हंडा, तिचा नंबर. तसेच चाळीस हंडे गेटापासून बाहेर उभ्या तहसीलदार साहेबांच्या गाडीच्या चाकापर्यंत लावले, छत्तीस जणींना घरी धाडलं, आणि आमी चौघीच थांबलो.

दुपारी साहेब जेवायला निघाले, तर गाडी निघेना. ओरडले, "हे उचला आधी!"

मी म्हटलं, "साहेब, दुसरीच्या हंड्याला आमी हात लावत नाय. छत्तीस जणींना परत बोलवू का?"

साहेबांनी हवालदाराकडे बघितलं, हवालदारानं हातातल्या जमावबंदीच्या आदेशाकडे.

"नायतर टँकरच इथं बोलवा," मी म्हटलं. "हंडे लाइनीतच हायेत."