बुडालेल्या इंजिनाची बोट घेण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ५८ वर्षे, व्यवसाय पडदे व गाद्यांच्या खोळी शिवणे, राहणार तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बेकरीच्या वरचा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती शहर बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. सगळी नोकरी एकाच मार्गावर झाल्याने, जिथे थांबे नाहीत अशा ठिकाणी काहीतरी चालवावे अशी त्यांची इच्छा आहे. म्हणून ते जुनी बोट शोधत होते. मला बोट नको होती. कारण विचारले असता सांगते की, त्यांचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे.

त्यांच्या गोळ्या ज्या औषधाच्या दुकानातून आणतो, तिथे काचेवर 'बोट विकणे आहे' अशी चिठ्ठी होती. बोट दुकानदार बाईंच्या वडिलांची. ते दातांचे डॉक्टर होते. पेशंटचे तोंड उघडे असताना त्याला बोटीच्या गोष्टी सांगत, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणतात. त्या अवस्थेत कोणाला हरकत घेता येत नसे, असे ते स्वतःच सांगतात.

आज दुपारी आम्ही धक्क्यावर गेलो. नकार द्यायचा हे मी घरूनच ठरवून निघाले होते. परंतु माझ्याआधी कप्तानच बोटीला नावे ठेवू लागले. म्हणाले, "इंजिन बुडालेलं आहे, आधीच सांगतो. मागच्या वर्षी पार पाण्याखाली गेलं होतं. लहर आली तर चालतं."

पतींनी झाकण काढून पाहिले. प्लगला गंज होता. "तेलातही पाणी गेलंय," ते म्हणाले, "पांढरट झालंय बघा."

"मग! सोडून द्या ना विचार," कप्तान अगदी खुशीत म्हणाले.

विकणारा माणूस असे का बोलतो, हे मला कळेना. पती म्हणाले, "एक चक्कर तर मारू." कप्तानांना नाही म्हणता आले नाही. ते बोटीत पायात काही घालत नाहीत, म्हणून त्यांनी चपला धक्क्यावर काढल्या. पाण्यात पडतील म्हणून आमचे दोघांचे फोन मीच स्कूटरच्या डिकीत ठेवले. कप्तानांचा फोन घरी होता. त्यांनी मुलीला काय सांगितले होते, हे आम्हाला माहीत नव्हते. केस कापायला जातो असे सांगितले होते, हे इथे आल्यावर समजले.

पतींनी दोरी ओढली आणि इंजिन सुरू झाले. तेव्हा कप्तानांचा चेहरा पडला. हे मी स्वतः पाहिले.

तलावाच्या मध्यावर इंजिन खोकले आणि बंद पडले. पतींनी पुन्हा पुन्हा दोरी ओढली. मी "अहो, पुरे" म्हटल्यावर ते थांबले. वाऱ्याने बोट पलीकडच्या बोरूच्या उंच, दाट गवतात नेऊन अडकवली. तिथून धक्का दिसत नाही.

तिथे आम्ही बराच वेळ बसून होतो. पतींनी पाण्यात हात सोडला होता. ते म्हणाले, "अगं, मागून कुणीच हॉर्न देत नाहीये." मग हसू लागले. ऑपरेशननंतर ते इतके हसल्याचे मला आठवत नाही.

कप्तानांना मी सरळ विचारले, "तुम्हाला बोट विकायचीच नाही ना?"

ते म्हणाले, "नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी इंजिनाचं सांगतो, म्हणजे ते पळतं." थोड्या वेळाने म्हणाले, "मागच्या वर्षी पाण्यात पडलेली टोपी काढायला वाकलो आणि बोट उलटली. काठाजवळच. मुलगी समोरच्या दुकानातून तशीच धावत आली, छातीभर पाण्यात उतरली आणि मला ओढून काढलं. तिला पोहता येत नाही, ताई. तरी उतरली. आता तिला 'बोट ठेवतो' असं कुठल्या तोंडाने सांगू?"



ऊन उतरू लागले तेव्हा पती वल्ह्यांकडे वळले. मी त्यांना "सरका" म्हटले. मी यापूर्वी कधी वल्ही हातात धरली नव्हती. बोट आधी जागच्या जागी गोल फिरली. पती म्हणाले, "हा स्टॉप आपण मघाशीच घेतला." कप्तान मला सांगत होते, "हलक्या हाताने. घाबरू नका, दुखत नाही." पुढे मला जमले.

अंधार पडण्यापूर्वी आम्ही धक्क्याला लागलो. तिथे कप्तानांची मुलगी या ठाण्याच्या हवालदारांसोबत उभी होती. वडील नाहीत, बोट नाही, नुसत्या चपला आहेत, असे पाहून तिने तक्रार दिली होती. चपला तिने छातीशी धरल्या होत्या.  ती खाली बसली, चपला वडिलांच्या पायांपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "घाला, बाबा. पाय ओले आहेत." कप्तानांना चपलेत पाय घालायला वेळ लागला. तिने तोपर्यंत त्यांना धरले होते.

तिने माझ्यावर आवाज चढवला, हे खरे आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या माणसाच्या नुसत्या चपला मिळाल्या असत्या तर मीही तेच केले असते, असे मी तिला सांगितले. त्यानंतर आम्ही दोघी धक्क्यावर बसलो. काय बोललो ते या प्रकरणाशी संबंधित नाही.

बोट घेणार काय, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, बोट घेणार आहोत, इंजिन घेणार नाही. वल्ह्यांनीच चालवू. कप्तान शिकवायला येतील. अंगात तरंगणारे जाकीट घातल्याशिवाय कोणी बसणार नाही, ही त्यांच्या मुलीची अट मला मान्य आहे. "चौथी जागा आहे का?" असे तिने विचारले. आहे.

आम्हाला कोणी फसवले नाही, कोणी कोणाला पळवले नाही.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. सांगितले तसेच आहे. एका ओळीत 'पतीने बोट घेण्याचे ठरवले' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'मी' असे केले आहे.