उलटे काटे

अलाबामातल्या आमच्या तळ्याकाठी ओपलचं गळ-आमिषांचं दुकान आहे. तिथल्या रांगेत माझ्यापुढे वेल्डन उभा होता. त्याचा धाकटा भाऊ हॉयट होडीतून पडला तो सापडलाच नव्हता, आणि सरकारी शोध काल थांबला होता.

"सगळ्यात जाड दोरी दे. मोठ्यातले मोठे तिहेरी गळ. आणि बुडवायला शिसं."

"बास मासे सध्या काठाला, अंड्यांवर आहेत."

"बाससाठी नकोय."

"माहीत आहे रे. अंगात काय होतं त्याच्या?"

"मासेमारीच्या स्पर्धेचा शर्ट. गुळगुळीत."

"लाइफ जॅकेट?"

"त्यात तो जाडा दिसायचा म्हणे."

"कुणाला? माशांना?"

"मीही हेच म्हणायचो."

"मग हे गळ घे. तळाला टेकले की सावकाश ओढ. हिसके देऊ नकोस, तुला ती खोड आहे."

"बरं. आणि पकडीने यांच्या टोकांचे उलटे काटे दाबून दे."

"वेल्डन, ते मासा परत सोडायचा असेल तर दाबतात. असा गळ धरून ठेवत नाही. निसटेल तो."

"निसटू दे. पुन्हा टाकीन."

"अरे, त्याला आता कसलं दुखणार?"

"दाब, ओपल. सगळे दाब."