जसंच्या तसं

आई: पुन्हा काळोख. खाली पंखा घरघरतोय, वर पडद्यावर काही म्हणजे काही नाही. मेलं तोंडच उघडत नाही.

लेक: थांब, आई, फोन स्पीकरवर ठेव. वाचनालयातला तोच जुना संगणक ना? लिनक्स टाकून झालं, सुरू होताना ‘ई’ दाबून हुकमांची ती ओळ उघडलीस?

आई: उघडली. तिच्या शेवटी तू लिहून दिलेला शब्दही घातला.

लेक: नोमोडसेट?

आई: हो. तू घाईत सगळं चिकटवून लिहिलं होतंस, ते मी सुटं केलं. नो, मोड, सेट.

लेक: अगं आई! एकच शब्द आहे तो!

आई: चांगले तीन शब्द आहेत.

लेक: तुझ्यासाठी तीन, यंत्रासाठी एक. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, म्हणून दिसेल ते सुधारत सुटायचं का? ‘पडद्याचे लाड नंतर, आधी साधं चित्र दाखव’ असा निरोप आहे तो. तोडलास की पोचत नाही. जसंच्या तसं लिही.

आई: बरं बाई. जसंच्या तसं.

(थोडा वेळ नुसता कळफलकाचा आवाज.)

आई: आलं! आलं गं! पण अक्षरं भोपळ्याएवढी. अर्धी खिडकी पडद्याबाहेर.

लेक: असू दे. पडदा चालवणारं पॅकेज बसलं की ठिकाणावर येईल. ते कुठून आणायचं, तो पत्ता सकाळी पाठवलाय. पत्त्यांच्या फायलीत उतरवून घे आणि यंत्राला पॅकेज आणायला सांग.

आई: उतरवला... सांगितलं... म्हणतंय, असा पत्ताच सापडत नाही.

लेक: नेट आहे ना?

आई: आहे की. बातम्या उघडतायत.

लेक: मग काय झालं याला? आई, मला पाचला मीटिंग आहे. राहू दे आता, रविवारी येऊन मीच करते.

आई: रविवारी येऊन काय करशील? भंगारवाला आज पाचला येतोय. इथली तिन्ही जुनी यंत्रं उचलणार. एक तरी चालवून दाखवते, मग ठरवा, असं ग्रंथपालांना मीच सांगून बसलेय. छापखाना बंद झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही गं. हे मी आपणहून अंगावर घेतलंय.

लेक: ...बरं. पत्ता माझ्यासमोर आहे. चारदा वाचला. बरोबर आहे.

आई: तूच लिहिलायस ना? मग तुला नाही दिसायचं. स्वतःची चूक डोळा दुरुस्त करूनच वाचतो. शेवटून वाच, एकेक अक्षर.

लेक: ई... आय... व्ही... एच... अरे देवा. ‘आर्काइव्ह’चं स्पेलिंग चुकलंय.

आई: आय आधी हवा, व्ही नंतर.

लेक: तुला दिसलं होतं?

आई: सकाळीच. उतरवताना सुधारणारच होते.

लेक: मग बोलली का नाहीस?

आई: आत्ताच ओरडलीस ना, जसंच्या तसं म्हणून? म्हटलं, तुमच्यात हेही असंच लिहीत असतील.

लेक: नाही लिहीत, आई. चूक आहे. माझी आहे. तू दुरुस्त कर.

आई: केली. आता बघ कशा ओळी पळतायत! ...बसवलं म्हणतंय. पुन्हा सुरू करते.

लेक: या वेळी त्या ओळीत काही घालू नकोस.

आई: नाही घालत... अगं बाई! काय सुरेख आलंय अक्षर! काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.

ग्रंथपाल: बाई, तो भंगारवाला आलाय खाली... अरेच्चा! चालू झालं? कुणी केलं?

आई: माझ्या लेकीनं. फोनवरून. मी आपली ती सांगेल तशी बटणं दाबली.

ग्रंथपाल: हुशार आहे हो मुलगी!

लेक: काका, खोटं बोलतेय ती. पत्ता मीच चुकवला होता. ऑफिसात मी लोकांच्या चुका काढते, माझी हिनं काढली.

आई: पुरे गं. मीटिंग आहे ना तुला?

लेक: थांबतील ते.

ग्रंथपाल: मग खाली त्या माणसाला काय सांगू?

लेक: सांगा, दोन यंत्रं अजून बाकी आहेत, बाई कामात आहेत.