बद्द वाजणारा पट्टा

सासरे : तिथं नका ठोकू, जावईबापू. पलीकडं ठोका, तिकडं छान वाजतं.

जावई : मामा, बोगद्यात मी साहेब. हातोडी कुठं मारायची ते काँक्रीटच्या फवाऱ्याचं नोझल धरणाऱ्यानं सांगायचं नसतं.

सासरे : बरं, साहेब. खोकलो तर चालेल ना?

(हातोडीचे टोले. दर टोल्याला खोकला.)

जावई : खोकला बरा तालात येतो तुम्हाला. जरा श्वास धरा... ऐकलंत? बद्द वाजतंय. फवाऱ्याचं काँक्रीट भिंतीवरच्या लोखंडी जाळीच्या मागे गेलेलंच नाही, आत पोकळ आहे.

सासरे : असेल हातभर. संध्याकाळपर्यंत फोडतो, परत मारतो. विषय संपला.

जावई : आजपासून या पट्ट्याखाली कुणी उभं राहायचं नाही. आणि वहीत नाव लागेल. पोकळ निघालं की मारणाऱ्याचं नोझल सहा महिने बंद. नियम तुम्हाला मी सांगायचा?

सासरे : लिहा माझं.

जावई : तुमचं? एकवीस वर्षांत तुमचं काम कुणाला फोडावं लागलेलं नाही. हा हात तुमचा नव्हे. नोझल तिरकं धरलंय, लांबून मारलंय, निम्मा माल उडून खाली पडला असणार. बागेला पाणी घातल्यासारखं. कुठल्या अडाण्याचं काम हे?

सासरे : अडाणी नाही हो. चांगला शिकलेला आहे.

जावई : नाव सांगा.

सासरे : सोमवारी दुपारी आला. म्हणाला, "मामा, पाच मिनिटं नोझल द्या, हिला फोटो पाठवायचाय."

जावई : ...मी पलीकडच्या कमानीत मारलं होतं ना?

सासरे : इथंच. बोगद्यात सगळं करडंच दिसतं.

जावई : हात दाखवून अवलक्षण. आणि तुम्ही स्वतःचं नाव लिहून घेत होतात?

सासरे : जावयाचं कसं सांगायचं? तसं नोझल तुमच्या हातात मीच दिलं. चूक माझीही आहे.

जावई : वही द्या इकडं.

सासरे : काय लिहिताय?

जावई : माझं नाव. खाली तुमचं, नोझल दिल्याबद्दल. तुमचं काय होईल ते वरचे ठरवतील, पण मारलं कुणी हे स्वच्छ लिहिलंय.

सासरे : शाई वाळू द्या.

जावई : आता घरी हिला काय सांगू, मामा? लाज वाटतेय मला.

सासरे : तिला कालच सांगितलं. गुपचूप फोडून टाकतो म्हणालो, तर म्हणाली, "नको बाबा. आधी हे कुणाचं नाव लिहितात ते बघा."